सरांचं देणं आणि माझी सही

"माणूस चांगला होता हो तो," असं कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. म्हणणारे कळंबच्या आमच्या चौकातलेच असतात. चहावाला म्हणतो, सलूनवाला म्हणतो, भाजीवाली तर पदराला डोळे पुसत म्हणते. मी म्हणते, असेल बाप्पा, चांगला असेल. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. चांगल्या माणसाशी भांडायला जा, आपणच वाईट ठरतो. मी ठरले.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेतले खेळाचे सर. गळ्यात शिट्टी, पायांत खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, आणि हातात सायकल. हातातच म्हणते मी, कारण त्या सायकलवर त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नाही. घरापासून शाळेपर्यंत सायकल धरून पायी यायचे, पायी जायचे. एकदा मी विचारलं, "सर, बसत नाही तर आणता कायले?" तर म्हणाले, "एकट्यानं चाललं का लोक विचारते, काहून पैदल? सायकल संगं असली का कोनी विचारत नाही." आता यावर माणसानं काय बोलावं? मी तर हसले. तेव्हा मला त्यांच्या सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं.

खुर्चीवर बसायचे नाहीत. स्टाफरूमच्या पायरीवर उकिडवे बसून तिथूनच आमच्या गप्पांत भाग घ्यायचे. मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये "सर, वर बसा" म्हटलं की हात जोडायचे, "खुर्चीनं गुडघे मरते जी." शिट्टी लग्नातही गळ्यात. एका लग्नात मुहूर्त टळून गेला तरी नवरदेवाचे मित्र नाचतच होते. सरांनी अशी काही कडक शिट्टी मारली की बँडवाले थांबले, मित्र एका ओळीत उभे राहिले आणि नवरदेव स्वतःहून घोड्यावरून उतरला. त्या मित्रांत अर्धे त्यांचेच विद्यार्थी होते, हेही खरं. माझी मुलगी त्यांच्याकडेच खो-खो शिकली. घरात माझं न ऐकणारी ही पोरगी सरांच्या एका शिट्टीला पहाटे मैदानावर हजर व्हायची.

लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण विधवा होऊन परत आली ती त्यांच्याकडेच राहिली. तिला सगळे आक्का म्हणायचे, मीही म्हणायची. तोंडानं फटकळ, पण सांडगे असे करायची की विचारू नका. या आक्काच्या हृदयाची झडप खराब झाली. नागपूरला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन तातडीनं करा. सरांची नोकरी सगळी अंशतः अनुदानाच्या शाळेत गेलेली. पगार कधी यायचा, कधी अडायचा. साठवलेलं काय असणार?

तर सर नागपूरहून आले, सायकल घेतली आणि चौकात उभे राहिले. सलूनवाल्यानं दुसरी खुर्ची घ्यायला ठेवलेले पैसे काढून दिले. चहावाल्यानं दिले. भाजीवालीनं बचत गटातून उचलून दिले. एका दुपारीत झालं सगळं, लिहिणं नाही की वाचणं नाही. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मोठी रक्कम शिक्षकांच्या पतसंस्थेतूनच, आमच्या बोलण्यातल्या सोसायटीतूनच, येणार होती. तिथं फॉर्म आणा, पगाराचा दाखला आणा, साहेब आज नाहीत, उद्या या. आणि दोन जामीनदार.

जामीनदाराची आमच्यात रीतच होती. तू माझ्या कागदावर सही कर, मी तुझ्या. कोणी वाचत नाही, कोणी विचारत नाही. मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारायचा आणि सही ठोकायची. मी घराच्या दोन खोल्या काढल्या तेव्हा सरांनी मला सही दिली होती आणि ते कर्ज मी शेवटच्या रुपयापर्यंत फेडलं. मग आता मी नाही म्हणणार होते? त्यांनी फॉर्म पुढं केला, मी उभ्याउभ्या सही केली. दुसरी सही गणिताच्या सरांनी केली. आक्काचं ऑपरेशन झालं आणि बाई ठणठणीत होऊन घरी आली. इथवर सगळं सोन्यासारखं होतं.

मग सर निवृत्त झाले. पगार थांबला म्हणजे पगारातून कापला जाणारा हप्ताही थांबला. पेन्शनच्या नावानं आनंदच होता. पण रिकामे बसतील ते सर कसले? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ते पहाटे मैदानावर पळवू लागले. पोरं जमेल तसे पैसे द्यायची. आणि तो आलेला पैसा सर कुठं नेत होते? चौकात!

त्यांची एक हजेरी असायची. ज्यांचं ज्यांचं देणं, त्यांच्या दुकानासमोरून रोज एकदा जायचंच. दुसरे लोक उधारी झाली की गल्ली बदलतात, हे मुद्दाम वाट वाकडी करून समोरून जायचे. थांबायचे, शिट्टी वाजवायचे, सलूनवाल्यानं मान वर केली की ओरडायचे, "आहो बरं का!" म्हणजे मी आहे, पळालो नाही. असतील तर पैसे द्यायचे, नसतील तर पुढं. चहावाल्याकडे चहा प्यायले तर रोख पैसे ठेवायचे, देणं तसंच बाकी आणि चहाचे मात्र रोख! वर सांगायचे, "देनेकऱ्यानं फुकटचा चहा पेऊ नये." देणं फिटेपर्यंत नवं कापड अंगाला लावलं नाही. लोकांना याचं केवढं कौतुक! अहो, मलाही होतं. मी घरी नवऱ्याला सांगायची, बघा, माणूस असावा तर असा.

आणि एका महिन्यात माझा पगारच कमी आला. लेखनिकाला म्हटलं चूक झाली असेल. तो म्हणाला, "चूक कायची मॅडम, पतसंस्थेचं पत्र आलं. सरांचे हप्ते थकले. जामीनदाराकडून कापा म्हनते." गणिताचे सर तोवर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले होते. पगारावर होते ती मी एकटी. सापडली ती धरली!

मी तशीच मैदानावर गेले. पोरं गोळाफेक करत होती आणि सर उकिडवे बसून बघत होते. शाळेत मी शुद्ध बोलते, मराठीचीच शिक्षिका आहे. पण संतापले की माझी भाषा माहेरी जाते.

"सर, तुमच्या कर्जाचे पैसे माह्या पगारातून कायले कापून राह्यले?"

"कापले का?" त्यांना खरंच नवल वाटलं. "थे लोक असेच आहे मॅडम. कागदवाले."

"पण तुम्ही सोसायटीत काहून भरत नाही? चौकात तर बरे वाटून राह्यले!"

तेव्हा त्यांनी मला त्यांचा तो सिद्धान्त सांगितला. "मॅडम, तोंडाचं देनं आधी, कागदाचं मंग. कागदाले पोट नसते. सलूनवाल्याले आहे, त्याच्या लेकराले आहे. थ्या लोकायनं उभ्याउभ्या देल्ले. सोसायटीनं मले चकरांवर चकरा मारायले लावल्या. कोनाचे आधी देऊ, सांगा?"

"सही मीही उभ्याउभ्याच देल्ली होती सर!"

"तुमचं मी मनात ठेवलं न," ते म्हणाले, आणि पोराला ओरडले, "अबे, कोपर वर!"

मनात ठेवलं! दर महिन्याला पगारातून पैसे जात होते आणि यांनी ते मनात ठेवले होते. म्हणजे बघा, ज्यांनी नोटा हातात ठेवल्या ती माणसं, आणि जिनं सही दिली ती कागद. माझ्या घरासमोर कधी शिट्टी वाजली नाही. का वाजावी? माझं त्यांच्याकडे काही नव्हतंच ना, सोसायटीचं होतं!

मी पतसंस्थेत गेले. व्यवस्थापक म्हणजे एक नमुनाच, बोलताना वाक्यागणिक एक कलम. "मॅडम, कायद्यानं कर्जदार आणि जामीनदार यांत फरक नाही." मी म्हटलं, वा रे कायदा, कर्ज काढताना फरक होता की! ऑपरेशन त्यांच्या बहिणीचं आणि फरक माझ्यात नाही? पण त्यानंच एक वाट सांगितली. तडजोड योजना निघाली होती. कर्जदारानं स्वतः येऊन सही करायची, दंडाचं व्याज माफ, मुद्दल लहान लहान हप्त्यांत. पहिला हप्ता भरला की खातं चालू धरतात आणि जामीनदाराची कपात बंद होते. एवढं सोपं होतं हो. एक सही आणि पोरांकडून येणाऱ्या पैशातला एक लहान वाटा, बस.

मी सरांना त्यांच्या घराच्या पायरीवर गाठून सगळं समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माफी?"

"व्याजाची सर. दंडाच्या व्याजाची."

"मी काय चोरी केली का माफी घ्याले? सलूनवाल्यानं तर व्याजच लावलं नाही, त्याले माफी मांगाचं काम पडलं नाही. चौकातलं होऊ द्या. मंग सोसायटीचं व्याजासकट फेकतो त्यायच्या तोंडावर."

"अन् तोवर मी भरू?"

"तुमचं मनात आहे मॅडम."

असा राग आला की ती शिट्टी ओढून विहिरीत टाकावी. यांचा स्वाभिमान, आणि हप्ता माझा! कोणी मला सांगा, स्वाभिमान असा दुसऱ्याच्या पगारावर पोसतात का?

त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. तोही यवतमाळलाच, म्हणजे रोज घरून येणं-जाणं. पोरगी घरभर नाचली. फी एकरकमी भरायची होती. नवऱ्याचं कापसाच्या जिनिंगमधलं काम हंगामी, सोनं सासूबाईंच्या आजारपणात गेलेलं. मी बँकेत गेले. पगारावर कर्ज मिळत होतं, फक्त पतसंस्थेचा ना-हरकत दाखला पाहिजे होता. पतसंस्था म्हणाली, तुम्ही थकीत खात्याच्या जामीनदार, दाखला मिळणार नाही. मग पतसंस्थेतच कर्ज मागितलं, तर तेच उत्तर. आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही मी. एक नाही! आणि त्या काउंटरवर मला थकबाकीदाराच्या रांगेत बसवलं.

मी पुन्हा सरांकडे गेले. या खेपेला भांडायला गेले नाही, हात जोडायला गेले. म्हटलं, सर, तुमच्याच हाताखाली खेळलेली पोरगी आहे. मुदत संपायच्या आत तडजोडीवर सही करा. मला दाखला मिळेल, तिची फी भरता येईल.

सर उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "आपल्या पोट्टीचं शिक्षन कायले अडते? चला, आत्ता चौकात जातो. मी उभा राहतो तुमच्यासाठी. सलूनवाला देईन, चहावाला देईन. संध्याकाळपर्यंत फी आनून देतो."

म्हणजे यांच्या पाठीमागं मी चौकात हात पसरायचा! ज्याचा काही वर्षांपूर्वी खुर्चीचा पैसा गेला त्यानं आता माझ्या मुलीची फी द्यायची, का, तर यांना सही करायची लाज वाटते म्हणून. मला उपकार नको होते, माझाच पगार पाहिजे होता. मी म्हटलं, "सर, मले उसने नको. सही पाह्यजे."

"सही नाही होत मॅडम माह्याच्यानं," ते म्हणाले.

फी भरायची मुदत निघून गेली. मुलगी रडली नाही. दोन दिवस तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिली आणि मग उठून ताटं घासायला लागली. मला वाटलं होतं, ओरडेल माझ्यावर. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आणि त्यानंतर, दिवाळीच्या आधी, चौकातल्या मंडळानं सरांचा सत्कार ठेवला. कशाबद्दल? सगळ्यांचं देणं फेडल्याबद्दल! भाजीवालीचा शेवटचा पैसा दिला होता ना, सर गावाच्या कर्जातून मोकळे झाले. मैदानावर मंडप, माईक, नारळ, शाल. सलूनवाला घरी येऊन आग्रहानं सांगून गेला, "मॅडम, तुमी सरांच्या संगं नोकरी केली. शाल तुमच्याच हातानं द्याची आहे." नवरा म्हणाला, जाऊ नको. मी गेले. कडक इस्त्रीची साडी नेसून गेले.

खुर्च्यांची सोय होती तरी सर मंचावर उकिडवेच बसले होते. आक्का पहिल्या रांगेत, नवं लुगडं, चेहरा नुसता उजळलेला. चहावाला बोलला, सलूनवाला बोलला. आजच्या काळात असा माणूस नाही, एका रुपयाला दगा दिला नाही, बँका बुडवणाऱ्यांनी शिकावं. टाळ्या. मग माझं नाव पुकारलं आणि माझ्या हातात शाल दिली, दुसऱ्या हातात माईक.

मी म्हटलं, "सरांनी चौकातल्या सगळ्यांचं फेडलं. खरं आहे. पण आक्काच्या ऑपरेशनला सगळ्यात मोठी रक्कम पतसंस्थेनं दिली होती, त्या कागदावर माझी सही आहे, आणि ते कर्ज आजही दर महिन्याला माझ्या पगारातून कापलं जातं. त्यापायी माझ्या मुलीचं नर्सिंग गेलं. ती आज घरी आहे. आता ही शाल मी कशी देऊ, ते तुम्हीच सांगा."

मग सलूनवाला हळूच म्हणाला, "मॅडम, आजच्या दिवशी तरी..." मी म्हटलं, "मग कोणत्या दिवशी भाऊ? तुमचा दिवस झाला. माझा कोणता?"

एवढ्यात आक्का उठली. पदर खोचून सरळ मंचाच्या कडेशी आली आणि भावाला विचारलं, "हे खरं आहे का रे?"

सर समोरच्या नारळाकडे बघू लागले.

"मी तुले विचारून राह्यलो. खरं आहे का?"

"सोसायटीचं आहे थे आक्का. कागदाचं. करनारच होतो मी..."

"कागदाचं?" आक्काचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "अरे, मी रोज सकाळी देवापुढं बसतो तवा एकेकाचं नाव घेतो. सलूनवाल्याचं घेतो, चहावाल्याचं घेतो, या भाजीवाल्या बाईचं घेतो. म्हनतो, देवा, यायनं माहं काळीज चालू ठेवलं, यायले सुखी ठेव. या मॅडमचं नाव तुनं मले कधी सांगतलं नाही! इच्या पोरीच्या फीवर मी जगून राह्यलो, अन् मलेच माहीत नाही?"

सरांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला आणि तिथंच राहिला. मी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि घरी आले. त्या शालीचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

दुसऱ्याच सकाळी आक्का त्यांना हाताला धरून पतसंस्थेत घेऊन गेली. मलाही बोलावलं. ते तिथंही काउंटरखाली उकिडवे बसले, व्यवस्थापक खुर्ची पुढं करून थकला. दंडाच्या व्याजाच्या माफीपाशी सरांचा पेन अडला. आक्का म्हणाली, "कर. तुह्या नाकापायी दुसऱ्याचं लेकरू घरी बसलं." त्यांनी सही केली. बघा, मिनिटभराचं काम होतं! माझी कपात थांबली, खातं चालू झालं, दाखलाही मिळाला. आता त्या दाखल्याचं काय करू, मी त्याचा वास घेऊ?

पण सर एकदा कोणाचं देणं धरलं की सोडायचे नाहीत. पतसंस्थेचे हप्ते पोरांच्या पैशातून सुरू झाले, आणि माझ्या पगारातून जेवढं कापलं गेलं होतं तेवढं मला वेगळं द्यायचं त्यांनी ठरवलं. थोडं थोडं आणून द्यायचे. मी घ्यायची. कधी बसा म्हटलं नाही मी त्यांना. चौकात मात्र मीच बदनाम. चारचौघांत मोठ्या माणसाची इज्जत काढली म्हणे. बाई जराशी थांबली असती तर काय बिघडलं असतं, त्यांनी दिलेच असते ना! हे मला भाजीवालीनं तोंडावर ऐकवलं. तिची भाजी मी सोडली.

मुलीनं यंदा पुन्हा परीक्षा दिली. नंबर लागला तो लांबच्या खासगी कॉलेजात, फी ऐकूनच आम्ही तो विचार सोडला. ती आता यवतमाळला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायला जाते. सकाळच्या एसटीनं निघते.

आक्काच्या सासरच्या गावी, झरी जामणीकडे, कायमचं राहायला जायच्या आधी सर शेवटचे आले होते. पतसंस्थेचं खातं मिटवून झालं होतं आणि पाकिटात माझे उरलेले सगळे पैसे होते. मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "मला नको. तिच्या हातात द्या, तिच्या फीचेच होते ते." मुलगी दारात चपला घालत होती, खांद्याला पर्स, हातात डबा. सरांनी पाकीट पुढं केलं आणि अगदी मोकळ्या चेहऱ्यानं हसले. एवढा मोकळा चेहरा मी त्यांचा सत्काराच्या मंचावरही पाहिला नव्हता.

"घे बाई. झालं बरोबर. आता माह्याकडं कोनाचंच काही नाही."

मुलीनं पाकीट घेतलं, पर्समध्ये ठेवलं, वाकून त्यांच्या पाया पडली. मग म्हणाली, "सर, मले हे मांगच्या वर्षी पाह्यजे होते." आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेली.